फ्रान्झ श्ट्राउस : न पटलेल्या संगीताचा वादक

रिचर्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकाराचे नाव तुमच्या कानावर आले असेल. येथे आपण त्यांचे वडील, हॉर्नवादक फ्रान्झ श्ट्राउस यांचा परिचय करून घेऊ.

त्यांचा जन्म 1822 मध्ये बव्हेरियातील पार्कश्टाइन गावी झाला. आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. मामांकडे राहून ते अनेक वाद्ये शिकले. 1847 मध्ये ते म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदात रुजू झाले. हॉर्न म्हणजे वेटोळे घातलेली पितळेची लांब नळी. वरच्या पट्टीत तिचे स्वर परस्परांच्या इतके निकट असतात, की ओठांचा ताण किंचित चुकला तरी शेजारचा स्वर लागतो आणि ती चूक साऱ्या सभागृहाला ऐकू जाते. अशा जागी ते 1889 पर्यंत टिकले. दरम्यान 1854 च्या पटकीच्या साथीत त्यांची पत्नी व मुलगी दगावली. पुढे 1863 मध्ये त्यांनी म्युनिकच्या एका मद्यनिर्मात्याच्या कन्येशी, योसेफिना प्शोर यांच्याशी विवाह केला. रिचर्ड हे त्यांचेच पुत्र.

फ्रान्झ यांची निष्ठा मोझार्ट, हायडन व बेथोव्हन यांच्यावर होती. वाग्नर यांचे संगीत त्यांना मनापासून नावडत असे. दैवयोग असा, की बव्हेरियाच्या राजाने वाग्नर यांनाच आश्रय दिला आणि ‘ट्रिस्टान’ (1865) व ‘मायस्टरसिंगर’ (1868) यांचे पहिले प्रयोग म्युनिकमध्येच झाले. तालमींत फ्रान्झ वाद घालीत, आणि प्रयोगात तेच स्वर इतके सुंदर वाजवीत, की खुद्द वाग्नर यांनाही त्यांची थोरवी मान्य करावी लागली. 1883 मध्ये वाग्नर निवर्तले, तेव्हा श्रद्धांजलीसाठी सारे वादक उभे राहिले. फ्रान्झ मात्र बसून राहिले. चरित्रकार हा प्रसंग हट्टीपणाचा पुरावा म्हणून सांगतात. आमच्या मते, ज्याने अठरा वर्षे त्या संगीताचा एक स्वरही बेपर्वाईने वाजविला नाही, त्याला एवढा नकार शोभून दिसतो.

1871 पासून ते म्युनिकच्या संगीत विद्यालयात शिकवीत. शिवाय हौशी वादकांच्या एका वाद्यवृंदाचे ते दीर्घकाळ संचालक होते. वाद्यमेळाचा व्यवहार रिचर्ड तेथेच शिकले. घरी मात्र वाग्नर वर्ज्य होते. मुलाने ‘ट्रिस्टान’ची स्वरलिपी वडिलांच्या नकळत अभ्यासली. 1905 च्या मे महिन्यात फ्रान्झ वारले. त्याच वर्षी डिसेंबरात रिचर्ड यांचा ‘सालोमे’ रंगमंचावर आला. त्यातील काही भाग त्यांनी वडिलांना पियानोवर ऐकविला होता. तो ऐकताना अंगावर किडे वळवळत असल्यासारखे वडिलांना वाटले, अशी आठवण रिचर्ड पुढे सांगत.