'टीम इज' की 'टीम आर'? हा नियम शाळाशाळांत पोचवणारा माणूस शिक्षक नव्हता, वकील होता

ब्रिटिश पेपरमध्ये क्रिकेटच्या बातमीत 'इंग्लंड आर' असं छापून येतं आणि आपल्याला वाटतं, चूक झाली. पण ती चूक नसते. टीम, आर्मी, पार्लमेंट ही समूहवाचक नामं. त्यांना एकवचनी धरायचं की अनेकवचनी, हा नियम लाखो मुलांपर्यंत पोचवला लिंडले मरे यांनी.

मरे यांचा जन्म १७४५ चा, पेन्सिल्व्हेनियातला. घराणं क्वेकर पंथाचं, वडील न्यूयॉर्कचे बडे व्यापारी. मॅनहॅटनमधल्या 'मरे हिल'ला याच कुटुंबाचं नाव आहे. वडिलांनी शिक्षा केली म्हणून हा मुलगा घरातून पळाला आणि थेट दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊन बसला! पुढे वकील झाला, मग व्यापारात उतरला. चाळिशीच्या आत आयुष्यभर पुरेल एवढा पैसा गाठीशी होता.

आणि नेमकी तेव्हाच तब्येत ढासळली. स्नायूंची ताकद जायला लागली. हवापालटासाठी १७८४ मध्ये ते पत्नी हॅनासोबत इंग्लंडला आले, ते परत गेलेच नाहीत. यॉर्कजवळच्या होल्गेटमध्ये राहिले. हळूहळू चालणं बंद झालं.

जवळच क्वेकर मुलींची शाळा होती. तिथल्या शिक्षिकांनी व्याकरणाचं सोपं पुस्तक मागितलं. घरात बसलेल्या मरेंनी ते लिहून दिलं. १७९५ मध्ये 'इंग्लिश ग्रामर' आलं.

त्यात समूहवाचक नाम हा सामान्य नामाचाच एक प्रकार मानलाय. नियम साधा आहे. शब्दाकडे नाही, अर्थाकडे बघा. समूह एक होऊन काही करत असेल तर क्रियापद एकवचनी. समूहातली माणसं वेगवेगळी वागत असतील तर अनेकवचनी. म्हणजे ज्युरीने एकमताने निकाल दिला तर 'इज', ज्युरीत दोन तट पडले तर 'आर'. आज अमेरिकेत बहुतेक वेळा 'इज'च वापरतात, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतं.

हे सगळं मरेंचं स्वतःचं नव्हतं. बिशप रॉबर्ट लाउथ यांच्यासारख्या आधीच्या व्याकरणकारांकडून त्यांनी बरंच घेतलं. त्यावरून टीकाही झाली. पण विखुरलेले नियम मुलांना समजतील असे मांडले ते मरेंनीच. पुस्तकांच्या कमाईतला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही, दानधर्माला दिला.

शेवटची कित्येक वर्षं ते घराबाहेर पडू शकले नाहीत. १८२६ मध्ये होल्गेटमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांचं पुस्तक मात्र तोवर इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्गावर्गात पोचलं होतं.