विश्लेषण : उन्हात थंड राहणारं गाव गावकऱ्यांनीच का नाकारलं? हसन फतही यांच्या मातीच्या घरांची गोष्ट

रात्रीचे अकरा वाजले तरी स्लॅब तापलेलाच असतो. पंखा फिरतो, पण खाली येते ती गरम हवाच. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत हा अनुभव नवा नाही. सिमेंट-काँक्रीटचं घर पक्कं असतं, पण ते उन्हाळ्यात राहण्यासारखं असतं का, हा प्रश्न इजिप्तमधल्या एका वास्तुरचनाकाराने ८० वर्षांपूर्वी विचारला होता. त्यांचं नाव हसन फतही. त्यांनी उत्तरही शोधलं, त्यातून एक अख्खं गाव उभारायला घेतलं, आणि ज्यांच्यासाठी ते उभारलं त्यांनीच तिथे राहायला नकार दिला. असं का झालं? आणि त्यांच्या कामातलं आज काय उपयोगी आहे?

कोण होते हसन फतही?

फतही यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया इथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. घरची शेती होती, पण वडिलांना खेड्याचं वावडं होतं. खेडं म्हणजे माश्या, घाण आणि रोगराई, असं त्यांचं मत. आईचं बालपण मात्र गावाकडे गेलेलं, त्यामुळे तिच्या गोष्टींत गाव म्हणजे स्वर्ग असे. ही दोन्ही चित्रं मनात घेऊन फतही वाढले. त्यांना शेती शिकायची होती, पण कृषी शिक्षणाचा प्रवेश हुकला आणि ते वास्तुरचनेकडे वळले. १९२६ मध्ये त्यांनी कैरोत पदवी घेतली.

घरच्या शेतावर त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते वयाच्या २७ व्या वर्षी. मजुरांच्या झोपड्या बुटक्या, अंधाऱ्या आणि गळक्या होत्या. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर आपण शिकलो, त्याच जमिनीवर राबणारे लोक असे राहतात, हे त्यांना सहन झालं नाही. पुढचं आयुष्य त्यांनी याच प्रश्नाला दिलं.

मातीच का निवडली?

यामागे साधं गणित होतं. इजिप्तमध्ये इमारती लाकूड जवळपास नाही. पोलाद आणि सिमेंट विकत घ्यावं लागतं आणि गरीब शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा नसतो. त्याच्या पायाखाली मात्र नाईलच्या गाळाची चिकणमाती आणि शेतात काड भरपूर. उन्हात वाळवलेल्या विटांच्या भिंती तो हजारो वर्षांपासून बांधत आलेला. अडचण फक्त छताची होती. भिंत फुकटात उभी राहते, पण छताला लाकडी वासे लागतात आणि तिथेच सगळा पैसा जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकूड आणि पोलाद मिळेनासं झालं. फतही यांनी तेव्हा मातीच्या विटांचंच कमानीसारखं छत बांधायचा प्रयत्न केला. पण सेंटरिंगसाठी लाकूड नाही आणि सेंटरिंगशिवाय छत उभं राहीना. बांधलेली छतं कोसळली. त्याच सुमारास आस्वानच्या धरणावर काम करणाऱ्या त्यांच्या भावाने सांगितलं की, दक्षिणेकडचे न्युबियन लोक कोणत्याही आधाराशिवाय अशी छतं बांधतात. फतही आस्वानला गेले. नदीपलीकडच्या गावात त्यांना हवं ते दिसलं. उंच, स्वच्छ, कमानदार छतांची मातीची घरं, आणि त्यात लाकडाचा तुकडाही नाही.

सेंटरिंगशिवाय छत उभं राहतं तरी कसं?

न्युबियन गवंड्यांची ही पद्धत समजायला अवघड नाही.

• आधी खोलीच्या तीन भिंती उभ्या करतात. त्यातली मागची भिंत जास्त उंच असते. गवंडी त्या भिंतीवर चिखलाने, केवळ नजरेच्या अंदाजाने, कमानीची रेघ काढतो.

• छताच्या विटा वेगळ्या असतात. साधारण २५ बाय १५ बाय ५ सेंटिमीटर, पातळ आणि वजनाला हलक्या. त्यांत काड नेहमीपेक्षा जास्त असतं. ओली असतानाच प्रत्येक विटेवर बोटांनी चर ओढतात, म्हणजे गारा घट्ट धरतो.

• विटांचे थर सरळ उभे लावत नाहीत, तर मागच्या भिंतीवर किंचित रेलून लावतात. त्यामुळे प्रत्येक वीट आधीच्या थराला चिकटून राहते आणि गारा वाळेपर्यंत घसरत नाही. एक कमान पुरी झाली की ती स्वतःचा भार स्वतः पेलते आणि पुढच्या थराला टेकू देते.

कमानीच्या या आकारात विटांवर जवळपास फक्त दाब येतो, ताण येत नाही. मातीची वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. काँक्रीटच्या सपाट स्लॅबमध्ये खालच्या बाजूला ताण येतो, म्हणून तिथे लोखंडी सळई लागते. इथे आकारामुळेच सळईची गरज संपते. हे तंत्र किती जुनं, याचा पुरावा लक्सरजवळ आहे. दुसऱ्या रामसेसच्या मंदिरालगतच्या कोठारांची मातीच्या विटांची कमानी छतं सुमारे ३,२०० वर्षांनंतरही काही ठिकाणी उभी आहेत.

गुर्ना गावात काय घडलं?

लक्सरच्या पश्चिम तीरावरचं गुर्ना हे गाव प्राचीन थडग्यांच्या डोंगरावरच वसलेलं होतं. थडग्यांतल्या वस्तू विकणं आणि पर्यटकांची ने-आण करणं यावर अनेकांचा चरितार्थ चाले. एका थडग्यातला कोरीव दगडी भाग चोरीला गेल्यावर पुरातत्त्व विभागाने संपूर्ण गाव खाली शेतजमिनीकडे हलवायचं ठरवलं. सुमारे ७,००० लोकांचा प्रश्न होता आणि पैसा कमी. स्वस्तात बांधून देणारा माणूस म्हणून फतही यांच्याकडे काम आलं.

१९४५ मध्ये बांधकाम सुरू झालं. आस्वानहून गवंडी आले आणि त्यांनी स्थानिक तरुणांना शिकवलं. फतही यांनी एकाच साच्याची घरं काढली नाहीत. प्रत्येक कुटुंबाची माणसं आणि जनावरं किती, शेजारी नातेवाईक कोण, हे पाहून आराखडे केले. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह उभं राहिलं. पण सरकारी कागदपत्रं, रखडलेला निधी आणि वेळेवर न मिळणारं काड यांत तीन हंगाम गेले. १९४८ मध्ये काम थांबलं, तेव्हा ठरलेल्या गावाचा छोटासा भागच पूर्ण झाला होता.

गावकरी आलेच नाहीत. एकदा तर बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्याचा प्रकार घडल्याचं फतही यांनी पुढे नोंदवलं.

गावकऱ्यांचा विरोध कशाला होता?

पहिलं कारण पोटाचं. डोंगर सोडला की पर्यटकही सुटणार आणि कमाईही. दुसरं कारण घुमटाचं. त्या भागात घुमट म्हणजे पीर-अवलियाची कबर. ज्या छपराखाली मेलेली माणसं ठेवायची, त्याखाली संसार कसा करायचा? तिसरं कारण न बोललेलं, पण सगळीकडे सारखं. माती म्हणजे गरिबी आणि काँक्रीट म्हणजे प्रगती. शहरातला शिकलेला माणूस गरिबाला मातीत राहा म्हणतो आणि स्वतः पक्क्या घरात राहतो, हा संशय अनेकांच्या मनात होता.

या अपयशानंतर फतही काही काळ देशाबाहेर गेले. १९५७ ते १९६२ ते अथेन्समध्ये होते. परतल्यावर खारगा मरूद्यानात न्यू बारिस हे गाव उभारण्याचं काम मिळालं. तिथे त्यांनी उंचावरचा वारा पकडून खाली आणणारे झरोके बांधून बाजारातली हवा थंड केली. १९६७ च्या युद्धामुळे तेही काम अर्धवट राहिलं.

मातीचं घर खरंच थंड राहतं का?

याचं उत्तर १९६४ मध्ये कैरोत मोजून काढलं गेलं. वेगवेगळ्या साहित्याच्या छोट्या खोल्या एकाच ठिकाणी बांधून त्यांचं तापमान नोंदवण्यात आलं. मातीच्या विटांच्या कमानदार खोलीत दिवस-रात्र मिळून तापमान २१ ते २३ अंश सेल्सियसच्या आसपासच राहिलं. तयार काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत गेलं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही सुमारे ९ अंश जास्त.

मात्र हे आकडे नीट वाचायला हवेत. मातीच्या भिंती ५० सेंटिमीटर जाड होत्या, काँक्रीटच्या फक्त १०. म्हणजे फरक केवळ साहित्याचा नाही, जाडीचाही आहे. जाड भिंत दिवसभराची उष्णता हळूहळू शोषते आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. तेव्हा खिडक्या उघडल्या की थंड हवा ती उष्णता घेऊन जाते. पातळ स्लॅबला हा वेळच मिळत नाही. कोरड्या हवेत आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तिथेच हे गणित जमतं. मुंबई किंवा कोकणाच्या दमट हवेत त्याचा तेवढा उपयोग नाही.

महाराष्ट्रात अशी घरं होती का?

मराठवाड्यातली माळवदाची घरं आणि धाबी याच तत्त्वावर उभी होती. जाड भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा थर. जुन्या गावगाड्यात 'काळी' म्हणजे कसायची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाणाची, ही विभागणी असे. त्यात बांधकामाचं शहाणपणही आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरच्या घराचा पाया हलतो आणि भिंतींना तिरके तडे जातात. पांढरी माती भिंतीला आणि छताला चालते. न्युबियन विटेतलं जास्तीचं काडही हेच काम करतं. चिकणमाती वाळताना आकसते, काड तिला तडकू देत नाही.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि छतावरचा मातीचा भार यांखाली हजारो माणसं गाडली गेली. तेव्हापासून तिथे मातीच्या घराची भीती बसली आणि ती रास्त आहे. सळई किंवा पट्टे नसलेलं कोणतंही जड बांधकाम भूकंपात धोकादायक ठरतं. फतही यांचं छतही त्याला अपवाद नाही.

फतही यांचं पुढे काय झालं?

गुर्नाच्या अनुभवावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९६९ मध्ये कैरोत निघालं. १९७३ मध्ये ते शिकागोहून 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' या नावाने आलं आणि जगभर वाचलं गेलं. १९८० मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, १९८४ मध्ये वास्तुरचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पहिलं सुवर्णपदक. मायदेशात मात्र सरकारने त्यांचा मार्ग स्वीकारला नाही. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरोतल्या जुन्या वस्तीतल्या घरात त्यांचं निधन झालं.

मातीसमोर पुढे आणखी एक अडचण आली. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि नाईलचा गाळ शेतात येणं थांबलं. वरची माती विटांसाठी खरवडली जाऊ लागली, तेव्हा १९८० च्या दशकात सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. न्यू गुर्नाच्या भिंतींत भूजलातून क्षार चढले आणि पायथ्याच्या विटा भुसभुशीत झाल्या. अनेक कुटुंबांनी जुनी घरं पाडून काँक्रीटचे मजले चढवले. २०१० मध्ये हे गाव धोक्यातल्या वारशांच्या जागतिक यादीत आलं. पुढे मशीद, नाट्यगृह अशा काही इमारतींची डागडुजी झाली. डोंगरावरचं जुनं गुर्ना सरकारने २००६ पासून बुलडोझर लावून हटवलं, म्हणजे फतही यांच्या गावानंतर सुमारे सहा दशकांनी.

आज यातून काय घ्यायचं?

न्युबियन छताचं तंत्र आजही जिवंत आहे. तमिळनाडूतल्या ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवलं जातं. मात्र प्रत्येकाने मातीचं घर बांधावं, हा फतही यांच्या कामाचा निष्कर्ष नाही. छतावर उष्णता अडवणारा थर, पश्चिमेच्या भिंतीला सावली, समोरासमोर खिडक्या आणि रात्री आत येणारा वारा, ही कामं काँक्रीटच्या घरातही करता येतात. राहणाऱ्याला न विचारता बांधलेलं घर कितीही थंड असलं तरी रिकामंच राहतं, हे गुर्नाने दाखवून दिलं. घरकुलाचे नकाशे काढताना घरात राहणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं, ते याचसाठी.