हिशेबाची वही आणि फुलबाग

थेम्स नदीच्या दक्षिणेस असलेला सदर्क हा लंडनचा भाग एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचा, गोदामांचा आणि दाटीवाटीने राहणाऱ्या श्रमिकांचा होता. तेथे जळून गेलेल्या एका कागद-कारखान्याची जागा ओसाड पडली होती. १८८७ साली त्या जागेवर एक लहानशी बाग तयार झाली. फुलझाडांचे ताटवे, छोटेसे तळे, वादकांसाठी चौथरा आणि शेजारी श्रमिकांसाठी बांधलेली टुमदार घरे अशी तिची रचना होती. ज्या वस्तीत मुलांना खेळायला अंगण नव्हते, तेथे पुढे फुलांची प्रदर्शने भरू लागली. ‘रेड क्रॉस गार्डन’ या नावाची ही बाग आजही तेथे आहे. ती ज्यांच्या प्रयत्नांतून साकार झाली, त्या ऑक्टेव्हिया हिल यांचे चरित्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही विचार करावयास लावणारे आहे.

ऑक्टेव्हिया यांचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी विझबीच या गावी झाला. वडिलांची आठवी कन्या म्हणून त्यांना हे नाव मिळाले. वडील जेम्स हिल हे धान्याचे व्यापारी आणि रॉबर्ट ओवेन यांच्या सुधारणावादाचे पुरस्कर्ते होते. परंतु १८४० साली त्यांचे दिवाळे निघाले आणि त्या धक्क्याने त्यांचे मनःस्वास्थ्य ढासळले. पाच मुलींना वाढविण्याचा भार आई कॅरोलाइन यांच्यावर पडला. त्या स्वतः शिक्षणशास्त्राच्या जाणकार होत्या. आजोबा डॉ. साउथवुड स्मिथ हे सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीतील एक अग्रणी. त्यांनी या कुटुंबास आधार दिला. गलिच्छ वस्ती आणि रोगराई यांचा संबंध नातीला प्रथम कळला, तो आजोबांच्या सहवासातच.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ऑक्टेव्हियांकडे गरीब मुलींच्या एका कार्यशाळेची देखरेख आली. मुली खेळणी तयार करीत आणि त्यांच्याहून फारशी मोठी नसलेली ही मुलगी कामाचा हिशेब ठेवी, त्यांच्या घरी जाई, आजारपणात विचारपूस करी. पुढे १८६२ मध्ये आई आणि बहिणी यांच्या साहाय्याने घरातच शाळा सुरू झाली. वडिलांचे कर्ज फेडण्यासाठीही या बहिणींनी कष्ट उपसले. दिवाळखोरीचे चटके ज्या घराने सोसले, त्या घरातील मुलीला उधारीविषयी आयुष्यभर धास्ती वाटावी, यात नवल नाही.

प्रसिद्ध कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्यासाठी त्या चित्रांच्या प्रतिकृती करीत असत. वडिलांच्या निधनानंतर रस्किन यांच्या हाती संपत्ती आली. त्या पैशातून १८६५ साली लंडनच्या मॅरिलबोन भागातील ‘पॅरडाइज प्लेस’ येथील तीन घरे हिलबाईंच्या व्यवस्थेखाली आली. नाव नंदनवनाचे, पण घरांची अवस्था दैन्याची होती. या भांडवलावर दरसाल शेकडा ५ इतका परतावा मिळालाच पाहिजे, असे ठरले. रस्किन यांना त्या उत्पन्नाची नड होती म्हणून हे ठरले नव्हते. गरिबांची घरे सुस्थितीत ठेवूनही गुंतवणूक बुडत नाही हे सिद्ध झाले, तरच दुसरे भांडवलदार पुढे येतील, हा त्यामागील विचार होता.

पद्धत साधी होती. शिक्षित स्त्रिया दर आठवड्याला घरोघर जाऊन भाडे गोळा करीत. त्यामुळे गळके छप्पर, तुंबलेली मोरी, घरातील आजारी मूल हे सारे मालकाच्या प्रतिनिधीला प्रत्यक्ष दिसे. शेकडा ५ वजा जाता जे उरे, ते भाडेकरूंच्या इच्छेप्रमाणे दुरुस्तीवर आणि सुधारणांवर खर्च होई. मंदीच्या दिवसांत तेच काम बेकार भाडेकरूंना दिले जाई. मात्र थकबाकीला क्षमा नव्हती. १८७४ पर्यंत अशा १५ वसाहती आणि सुमारे ३,००० भाडेकरू या व्यवस्थेखाली आले.

घरांच्या या हिशेबातूनच हिलबाईंना बागेची निकड जाणवली. खोली कितीही स्वच्छ केली, तरी मुलांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी. प्रथम त्यांनी घरांमधील एक पटांगण मोकळे करून झाडे लावली. १८७५ मध्ये ‘स्विस कॉटेज फील्ड्स’ नावाची मोकळी शेते घरबांधणीपासून वाचविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. वर्गण्या जमल्या, तरी जमीन गेलीच. घर आपले भाडे देते. बाग मात्र भाडे देत नाही. तिचा लाभ सर्वांना मिळतो, म्हणूनच तिची किंमत मोजायला कोणी एकटा पुढे येत नाही. बाजाराची ही उणीव पुस्तकांत आढळते. हिलबाईंना ती अनुभवाने उमगली.

मग थोरल्या भगिनी मिरांडा यांनी स्थापिलेल्या ‘कर्ल सोसायटी’च्या द्वारा जुन्या दफनभूमींची उद्याने करण्याचे प्रयत्न झाले. १८८९ मध्ये ‘पार्लमेंट हिल’ची विस्तीर्ण जमीन वर्गणी आणि सार्वजनिक निधी यांच्या बळावर वाचली. १८९० मध्ये ‘व्हॉक्सहॉल पार्क’ लोकांसाठी खुले झाले. अखेर १८९५ साली रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांच्यासह त्यांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केला. त्याची पहिली मिळकत होती वेल्समधील साडेचार एकरांची एक टेकडी. १९०७ च्या कायद्याने आपल्या जमिनी कायमच्या अविक्रेय ठरविण्याचा अधिकार या संस्थेला मिळाला.

या कर्तृत्वाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्याची मजुरी अनिश्चित, त्याला आठवड्याचे भाडे नियमित देणे शक्य नव्हते. म्हणजे सर्वांत गरीब माणूस या योजनेच्या बाहेरच राहिला. १९०५ ते १९०९ या काळात दरिद्री-साहाय्य कायद्यावरील राजकीय आयोगाच्या सदस्य असताना हिलबाईंनी बहुमताचा पक्ष घेतला. त्याच आयोगावरील बिअॅट्रिस वेब यांनी अल्पमताचा. सरकारी वृद्धवेतनास त्यांचा विरोध होता. स्त्रियांना संसदीय मताधिकार देण्यासही त्या प्रतिकूल होत्या. शेकडो स्त्रियांना सार्वजनिक कार्यात आणणाऱ्या स्त्रीने असे मत बाळगावे, याचे आश्चर्य वाटते. मदत माणसाला परावलंबी करते, हे त्यांचे सूत्र होते. परंतु म्हातारपण आणि बेकारी हे काही चारित्र्याचे दोष नव्हेत. बागेसाठी सार्वजनिक पैसा त्यांनी ग्राह्य मानला. तोच न्याय वृद्धांच्या भाकरीला लावणे त्यांना जमले नाही.

तरीही त्यांचा प्रभाव दूरवर पोहोचला. एडिंबरोत त्यांच्या कार्यापासून प्रेरणा घेऊन जुन्या वस्त्या सुधारणारे पॅट्रिक गेडिस पुढे हिंदुस्थानात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. वस्ती पाडण्यापूर्वी ती कशी जगते ते पाहावे, हा त्यांचा आग्रह हिलबाईंच्या परंपरेशी नाते सांगणारा होता.

१३ ऑगस्ट १९१२ रोजी ऑक्टेव्हिया हिल यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार केंट परगण्यातील क्रॉकहॅम हिल या खेड्यातील चर्चच्या आवारात, कुटुंबीयांच्या सान्निध्यात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. वृद्धवेतन आणि नगरपालिकांची घरबांधणी त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती, तर त्यांच्या पश्चात स्त्रियांना मताधिकार मिळाला. काळाने त्यांची अनेक मते बाजूला सारली. परंतु शहरातील मोकळ्या जमिनीचा भाव जसजसा चढतो, तसतसा त्यांनी मांडलेला प्रश्न अधिक टोकदार होतो. जी जागा विकली असता सर्वांत अधिक पैसे येतील, तीच न विकण्याचे सामर्थ्य समाजाने कोठून आणावे? सदर्कमधील ती लहानशी बाग हे त्याचे एक उत्तर आहे.