कळलावीचे चित्र आणि फादर मॅथ्यू



पावसाळ्यात आपल्या विदर्भातील रानात, कुंपणावर कळलावीचा वेल चढलेला दिसतो. पानाच्या टोकाच्या आकड्याने तो आधार धरतो. ज्वाळांसारखी पिवळी-तांबडी फुले पाहून मुले हात पुढे करतात आणि मोठी माणसे त्यांना मागे ओढतात. कारण हा वेल विषारी आहे, त्याचा कंद तर फारच.

याच वेलाचे सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे एक सुंदर चित्र ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे. मलबारातील वनस्पतींचा हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅम येथे 12 खंडांत छापला गेला. त्याची सुरुवात एका कॅथोलिक धर्मगुरूच्या हातून झाली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

संत योसेफाचे फादर मॅथ्यू हे इटलीतील नेपल्स राज्याचे, कार्मेलाइट संघाचे व्रतस्थ. पश्चिम आशियात मिशनकार्य करीत असताना ते तेथील झाडेझुडपे रेखाटत असत. पुढे ते मलबारात आले. 1663 मध्ये डचांनी पोर्तुगिजांकडून कोचीन जिंकले. डच प्रोटेस्टंट असल्याने परदेशी कॅथोलिक धर्मगुरूंना तेथून निघून जाण्याचा हुकूम झाला. अशा कडवट काळात डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे आणि फादर मॅथ्यू वनस्पतींच्या आवडीमुळे जवळ आले. ग्रंथासाठी पहिली रेखाटने फादरांनी केली. याच काळात, 1673 मध्ये, एर्नाकुळमजवळ चात्यात येथे त्यांनी कार्मेल मातेचे चर्च उभारले.

काम वाढले तसे अनेक हात लागले. इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तिघे कोंकणी वैद्य माहिती देऊ लागले. या तिघांनी नागरी लिपीत लिहिलेले कोंकणी निवेदन पहिल्याच खंडात छापलेले आहे.

मात्र फादर मॅथ्यू यांची रेखाटने ग्रंथाला पुरेशी ठरली नाहीत. फान रेडे यांनी दुसरे चित्रकार नेमले आणि चित्रे नव्याने काढून घेतली. कळलावीचे ते प्रसिद्ध चित्रही फादरांच्या हातचे नाही.

मग त्यांचे श्रम वाया गेले का? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी आरंभ केला, म्हणून इतरांना पुढे जाता आले. योहान बाप्तिस्ताही असाच वाट तयार करून मागे सरला. आपल्या धर्मग्रामातही कोणी एखादे काम सुरू करतो आणि ते दुसऱ्याच्या नावाने पुरे होते. मग मन कडू होते. हा कडवटपणा कळलावीच्या कंदासारखाच असतो. वर फुले दिसतात, विष मातीखाली असते.

या आठवड्यात आपण एक करू या. आपल्याआधी ज्यांनी काम सुरू केले, त्यांच्यापैकी एकाची तरी आठवण प्रार्थनेत करू या. आणि आपले काम दुसऱ्याने अधिक चांगले केले, तर त्याचेही आभार मानू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू