बाराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता न येणाऱ्या राजाने गावोगावी वाचनालयं कशी पोहोचवली?

नाक्यावरच्या वाचनालयात जाऊन फुकट पेपर चाळणं आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. शंभर वर्षांपूर्वी बडोदा संस्थानात ही सोय थेट खेड्यांपर्यंत पोहोचली होती. ती पोहोचवणारे होते महाराजा सयाजीराव गायकवाड.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. मूळ नाव गोपाळराव. घर शेतकऱ्याचं. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि महाराणी जमनाबाईंनी बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं. त्यांचं खरं शिक्षण सुरू झालं ते राजवाड्यात. १८८१ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९०६ मध्ये हाच नियम सगळ्या संस्थानाला लागू झाला. पण पुढे काय? पोरं चार इयत्ता शिकून शेतावर जाणार. घरात पुस्तक नाही, गावात पेपर नाही. मग शिकलेली अक्षरं टिकणार कशी? शाळांवरचा खर्च पाण्यात जायचा नसेल, तर वाचायला काहीतरी हाताशी हवं होतं.

अमेरिकेच्या दौऱ्यात सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. मध्यवर्ती वाचनालयासाठी राजवाड्यातली स्वतःची सुमारे २० हजार पुस्तकं दिली. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली.

खेड्यांसाठीची योजना तर आणखी भारी होती. खर्चाचे तीन वाटे केले: एक गावकऱ्यांचा, एक स्थानिक मंडळाचा, एक सरकारचा. गावाने वर्गणी काढली की बाकीचे पैसे मिळायचे. त्यामुळे वाचनालय सरकारी दानाचं न राहता गावाचं स्वतःचं व्हायचं. जिथे वाचनालय नव्हतं, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जायच्या. एका गावाचं वाचून झालं की पेटी बदलायची. या कामात मोतीभाई अमीन यांचा वाटा मोठा. गावागावांत वाचनाची मंडळं काढायला त्यांनी आधीच सुरुवात केली होती.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीरावांचं मुंबईत निधन झालं. संस्थान पुढे भारतात विलीन झालं, पण बडोद्याचं मध्यवर्ती वाचनालय आजही उभं आहे.