दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद आणि त्यांचा वारसा

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात, ओव्हल मैदानासमोर, सुमारे २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर उभा आहे. कोपरहून रोज सकाळची गाडी पकडून फोर्ट भागात नोकरी-व्यवसायासाठी जाणाऱ्या आपल्या समाजबांधवांना तो नित्य परिचयाचा आहे. एका जैन मातेचे नाव त्यास लाभले आहे, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु १८७८ साली तो बांधून पूर्ण झाला तेव्हा त्याच्या दात्याला आपली संपत्ती गमावून एक तप लोटले होते, ही गोष्ट फार थोड्यांना ज्ञात आहे. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या दात्याचे चरित्र स्मरणे उचित होईल.

शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरत येथे विसा ओसवाळ जैन कुटुंबात झाला. पिता रायचंद दीपचंद व्यापारासाठी मुंबईस आले. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारे दलाल त्या काळी दुर्मीळ होते. प्रेमचंदजींना ती विद्या अवगत होती आणि तिच्या बळावर तरुण वयातच ते समभागांच्या बाजारात अग्रणी झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. नवनव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचे समभाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी शेठजी होते.

याच वैभवाच्या दिवसांत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास दोन देणग्या दिल्या. दोन लाख रुपये ग्रंथालयासाठी आणि पुढे आणखी दोन लाख रुपये घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे, एवढी त्यांची इच्छा होती. मातोश्रींची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळण्यास त्यांना घंटानादाची मदत व्हावी, म्हणून हा मनोरा, अशी आख्यायिका आपल्या घराघरांतून सांगितली जाते. ती गोड आहे. पण मनोऱ्याची पायाभरणीच १८६९ साली झाली, हे ध्यानी ठेवलेले बरे. सुरतेची रायचंद दीपचंद कन्याशाळा, अहमदाबादचे प्रेमचंद रायचंद ट्रेनिंग कॉलेज ही नावेही त्यांच्या औदार्याची साक्ष देतात. कोलकाता विद्यापीठास त्यांनी १८६६ साली दोन लाख रुपये दिले, तेही त्या प्रांताशी जन्माचे वा भाषेचे नाते नसताना.

मध्यंतरी १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या पूर्ततेच्या दिवशी, मुंबईचा बाजार बसला. शेठजींचीही पेढी बुडाली. जुन्या बँक ऑफ बॉम्बेचे बहुतांश भांडवल नष्ट झाले; तिच्या चौकशीसाठी १८६८ साली सरकारने आयोग नेमला. त्या बँकेच्या बेहिशेबी कर्जवाटपात शेठजींच्या वजनाचा मोठा भाग होता, हे चरित्रकाराने लपवू नये. अनेक साधी कुटुंबे त्यात होरपळली.

मात्र विद्यापीठाला दिलेले धन शेठजींच्या पेढीत उरले नव्हते. त्याचा धनी बदलला होता, हेतू ठरलेला होता. म्हणून दाता निर्धन झाल्यावरही ग्रंथालय व मनोरा उभे राहिले. देवद्रव्य अन्य कामी लावू नये, सात क्षेत्रांपैकी ज्या क्षेत्रासाठी दान बोलले त्याच क्षेत्री ते खर्चावे, हा आपला जुना दंडक. आधुनिक विश्वस्तलेखाचे मर्म याहून फार निराळे नाही. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही, असे बंधन १९५० च्या अधिनियमाने घातले, तेही याच जातीचे. अर्थात दान स्वच्छ हवे. धनकोंना चुकविण्यासाठी केलेले हस्तांतर न्यायालयात रद्द होऊ शकते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य व्हावे. कोपर-डोंबिवलीत ज्या पिढीने काटकसरीने सदनिका घेतल्या, त्यांपैकी पुष्कळांनी सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज भरून आपले कर्तव्य संपले असे मानले आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही मिळकतीची सांभाळकर्ती असते. मालकी वारसाहक्काने अथवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एखादी रक्कम पाठशाळेला वा पांजरपोळाला जावी अशी मनीषा केवळ मुलांच्या कानी घातली, तर ती मुलांच्या मर्जीवरच राहते. शेठजींच्या हयातीतच, १८७० च्या कायद्याने, मुंबई शहरातील जैनांच्या मृत्युपत्रांना लेखी व साक्षांकित स्वरूप आवश्यक झाले होते.

आपत्तीनंतर शेठजींनी धंदा सोडला नाही. पूर्वीचे वैभव परतले नाही, तरी बाजारातील शब्द परतला. १८७५ साली देशी दलालांची जी संघटना स्थापन झाली व जिच्यातून पुढे मुंबई शेअर बाजार आकारास आला, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे देहावसान झाले. पेढी पुत्रांनी चालविली. कीकाभाई पुढे ‘सर’ झाले. भायखळ्याच्या ‘प्रेमोद्यान’ या त्यांच्या प्रशस्त निवासात पुढे ख्रिस्ती भगिनींची, मुलींसाठीची संस्था आली.

कोलकात्याच्या दोन लाखांतून प्रेमचंद रायचंद विद्यार्थिवृत्ती निघाली. आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी ठरले. १८९७ साली ती जदुनाथ सरकार यांना मिळाली, आणि त्याच सरकारांनी १९१९ साली शिवाजी महाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. सुरतेच्या एका जैन दलालाचे धन असे बंगालमार्गे महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळले. शेठजी तेव्हा हयात नव्हते.