त्रिकोणांनी देश मोजणारा माणूस

नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वेगाडी सेवाग्राम मागे टाकते आणि थोड्या वेळाने हिंगणघाट येते. वणा नदीकाठचे हे गाव आपल्याला ठाऊक असते ते कापसाच्या बाजारपेठेमुळे. पण याच मातीत एक इंग्रज गणिती चिरनिद्रा घेत आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्ब्टन. शाळेत त्रिकोणमितीचा तास सुरू झाला की याचा पुढे उपयोग काय, असा प्रश्न पडला नाही असा विद्यार्थी विरळाच. लॅम्ब्टनचे आयुष्य हेच त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

यॉर्कशायरमधील एका साध्या घरात त्याचा जन्म झाला. जन्माचे नेमके वर्षही कोणी जपून ठेवले नाही. सैन्यात शिरून तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि १७८१ साली यॉर्कटाऊनला कैद झाला. पुढची बरीच वर्षे कॅनडातील जमिनी मोजण्यात गेली. उघड्या डोळ्यांनी सूर्यग्रहण पाहिल्यामुळे तिथेच त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, असे सांगतात. नजरेवरच ज्याचे पोट, त्याचा एक डोळा असा गेला. तरी पुस्तकांच्या सोबतीने त्याने उच्च गणित आत्मसात केले. भारतात आला तेव्हा चाळिशी उलटली होती.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीच्या हाती आला. मुलूख मिळाला, पण त्याचा धड नकाशा नव्हता. लॅम्ब्टनने सरकारपुढे योजना मांडली, ती साऱ्या द्वीपकल्पावर त्रिकोणांचे जाळे विणण्याची. राज्यकर्त्यांना नकाशा हवा होता. लॅम्ब्टनला त्याहून अधिक काही हवे होते. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, ध्रुवांपाशी ती किती चपटी आहे, हे त्याला मोजायचे होते.

त्यामागचे गणित आपल्या शाळेतलेच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेले सारे कळते. समजा, पायाची बाजू १२ किलोमीटर आहे. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहिले तर ६० आणि ७० अंशांचे कोन मिळाले. तिन्ही कोनांची बेरीज १८०, म्हणून टेकडीपाशी ५० अंशांचा कोन उरतो. प्रत्येक बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचे साइन यांचे गुणोत्तर एकच असते. त्यावरून टेकडीची दोन अंतरे निघतात, सुमारे १३.६ आणि १४.७ किलोमीटर. टेकडीवर पाऊलही ठेवावे लागत नाही! आता यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, त्यातून तिसरा त्रिकोण निघतो आणि साखळी पुढे सरकत राहते.

मात्र यात एक मेख आहे. पहिली बाजू चुकली की पुढचा सारा देश चुकतो. म्हणून १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ त्याने पायारेषा मोजायला घेतली, तेव्हा त्याची काळजी पराकोटीची होती. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवून, तिच्यावर सावली धरून, उन्हाने पोलाद किती वाढते हे तापमापकावर पाहत तो साडेसात मैल, म्हणजे जवळजवळ चारशे वेळा साखळी टाकत गेला. दोन वर्षांनी बंगळूरला दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजली गेली. त्रिकोणांच्या साखळीतून आलेला हिशेब आणि जमिनीवरचे माप यांतला फरक चार इंचांहूनही कमी भरला. पुढे मद्रास ते मंगळूर हे अंतर काढले, तर जुन्या नकाशांतले चारशे मैल ३६० वर आले. चाळीस मैल जमीन नकाशावरून नाहीशी झाली!

कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचे होते. लंडनहून येताना ते जहाजासकट फ्रेंचांच्या हाती पडले. फ्रेंचांनी मात्र शत्रूचे हे यंत्र सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. वर्षानुवर्षांचे काम तिथेच संपले असते. लॅम्ब्टन तंबूत शिरला, आठवडेच्या आठवडे स्वतःच्या हाताने वाकलेली चक्री ठाकठोक करत बसला आणि यंत्र पुन्हा उभे करूनच बाहेर आला.

हे काम एकट्याचे नव्हते. यंत्र वाहणारे, निशाण धरणारे, झाडे तोडणारे शेकडो माणूस त्याच्याबरोबर जंगलातून फिरले. तापाने त्यांतले कित्येक दगावले. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

१८१८ साली या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण मदतनीस म्हणून आला. त्रिकोण कन्याकुमारीपासून वऱ्हाडापर्यंत पोचले होते. सत्तरीच्या घरातला, खोकल्याने खंगलेला लॅम्ब्टन तरीही थांबेना. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तंबूतच त्याने प्राण सोडला.

एव्हरेस्टने ती रेषा हिमालयाच्या पायथ्याशी नेली. पुढे राधानाथ सिकदार या बंगाली गणितीने त्याच साइनच्या हिशेबाने दुरूनच एका शिखराची उंची काढली आणि १८५६ साली ती जाहीर झाली, २९,००२ फूट. आजच्या मापाहून ती जेमतेम नऊ मीटरनी कमी आहे. शिखराला नाव मिळाले एव्हरेस्टचे. सिकदार मागे राहिले, लॅम्ब्टन तर विस्मरणातच गेला.

पण त्रिकोणांची ती साखळी उलटी मोजत आलो, तर शिखरापासून आपण मद्रासजवळच्या साडेसात मैलांच्या त्या पहिल्या रेषेपाशीच पोचतो. मुलांचा त्रिकोणमितीचा तास कंटाळवाणा होऊ लागला, तर त्यांना हिंगणघाटच्या या माणसाची गोष्ट जरूर सांगावी.